वरचा एक

ह्यांच्या तोंडाशी जेवढं बोलले असेन, त्याहून जास्त मी ह्यांच्या पाठीशी बोलले आहे. सह्याद्रीतली पायवाट एका पावलाच्या रुंदीची असते. तिथे जोडीनं चालणं म्हणजे एकानं पुढे व्हायचं, दुसऱ्यानं मागे. लग्नात शेला आणि उपरण्याला गाठ मारून होमाभोवती फिरलो, तेव्हा लागलेला क्रम आम्ही सदतीस वर्षं मोडलेला नाही. हे पुढे, मी मागे. पुढचा माणूस बोलतो ते रानाला ऐकू जातं, मागच्याला निम्मं. मागचा बोलतो ते पुढच्याच्या पाठपिशवीवर आपटतं. त्यामुळे आमचे बरेच वाद अर्ध्या वाक्यांवर मिटले आहेत. समोरासमोर बसून झाले असते तर इतक्या स्वस्तात मिटले नसते.

आम्ही ट्रेकर नव्हे. ती जमात वेगळी. त्यांच्या बुटांकडे आणि पोटऱ्यांकडे पाहूनच कळतं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मी कोषागारातून. नोकरीत असताना आमच्या रजा कधी जुळल्या नाहीत. मार्चअखेर म्हणजे माझी बिलं आणि पावसाळा म्हणजे ह्यांची धरणं. निवृत्तीनंतर एकदा वाईला एका लग्नाला गेलो आणि दुपारची झोप टाळायची म्हणून कृष्णेच्या काठाकाठानं मेणवलीपर्यंत चालत गेलो. नाना फडणविसांचा वाडा आणि खाली घाट. घाटावरच्या छोट्या देवळात वसईहून आणलेली पोर्तुगिजांची भलीमोठी घंटा टांगलेली. मी घंटा पाहत होते, तर हे घाटाच्या पायऱ्या मोजत पुराची रेषा कुठवर येत असेल याचा अंदाज करत होते. परत येताना दोघांनी एकमेकांना आपापलं सांगितलं तेव्हा लक्षात आलं, आपण एकाच ठिकाणी जाऊन दोन ठिकाणं पाहून आलो आहोत. एका तिकिटात दोन, हा हिशेब मला पटला. तेव्हापासून चालतो आहोत.

हिशेब हा माझा शब्द. प्रत्येक प्रवासाची माझी एक वही असते. एसटीचं तिकीट, चहा, केळी, देवळातली पेटी, सगळं त्यात येतं. हे चेष्टा करतात. पण तीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासलेल्या बाईला स्वतःचा खर्च मोकाट सोडवत नाही.

नाणेघाट करायचा ठरला तो ह्यांच्या आग्रहावरून. कोकणातून घाटावर यायचा हा सातवाहनांचा रस्ता. खाली सोपारा आणि कल्याणची बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण. बैल आणि माणसं माल लादून शतकानुशतकं इथून चढली. पावसाळ्यात इथे उलटा धबधबा पाहायला तोबा गर्दी लोटते. वारा इतका की कड्यावरून पडणारं पाणी वरच फेकलं जातं. ती गर्दी आम्हाला नको होती. म्हणून तुळशीचं लग्न उरकलं आणि मग निघालो.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे. तिथे उतरलो तेव्हा ऊन कोवळं होतं. सुरुवातीची वाट झाडीतून जाते, सोपी आहे. मग दगड सुरू होतात. हे दगड नुसते पडलेले नाहीत, बसवलेले आहेत हे ह्यांनी दाखवेपर्यंत मला कळलं नव्हतं. कुठे पायरी, कुठे फरसबंदी, वळणावर आधाराला थर. काही दगड पावलांनी इतके गुळगुळीत झालेत की पाणी नसतानाही ओले वाटतात. “बैलाला झेपेल असा चढ काढलाय,” हे पुढून म्हणाले. “माणसाला झेपेल असा कधी काढणार?” मी मागून म्हणाले. पाठपिशवीवर आपटलं असावं, कारण उत्तर आलं नाही.

उत्तर न यायचं खरं कारण गुडघा होता, हे मला पुढच्या वळणावर कळलं. हे थांबून दगड निरखत होते. दगड निरखायची ती जागाच नव्हती, तिथला दगड इतर दगडांसारखाच होता. ज्या माणसाच्या पाठीमागून इतकी वर्षं चालले, त्याच्या पाठीची भाषा मला येते. उजवा खांदा किंचित खाली गेला होता. मी काही बोलले नाही. “अहो, मला दम लागलाय, बसू या,” असं म्हणाले. हे लगेच बसले. मला दम लागला नव्हता हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे मला.

बसलो असतानाच डोक्यावर भारा घेतलेली एक बाई पायात साध्या सपाता घालून वर निघून गेली. जाताना फक्त विचारलं, “हळूहळू चाललाय नव्हं?” त्यात चौकशी किती आणि शेरा किती ते ठरवता आलं नाही.

वर कडा एखाद्या अंगठ्यासारखा पुढे आला आहे. त्याला नानाचा अंगठाच म्हणतात. तो पाहत पाहत शेवटची चढण संपते आणि वाट डोंगराच्या एका अरुंद खिंडीत शिरते. माणसाच्या घरात शिरताना उंबरठा लागावा तशी ही खिंड आहे. अलीकडे कोकण, पलीकडे देश. पलीकडे पाऊल ठेवलं की वारासुद्धा बदलतो. खिंडीच्या वरच्या तोंडाशी दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात यात टाकत आणि संध्याकाळपर्यंत हा नाण्यांनी भरे, अशी आख्यायिका. ह्यांनी त्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, हातानं माप घेतलं आणि जाहीर केलं, “पाण्याचा असणार. एवढी चढण चढून आलेल्या माणसाला आधी पाणी लागतं. जकात नंतर.” मला जकातच बरी वाटली. एवढ्या उघड्यावर, झाकण नसलेल्या भांड्यात शासकीय रक्कम? तिजोरीचे दोन कुलपांचे नियम आठवून माझ्या अंगावर काटा आला. पण पाण्याच्या रांजणाची गोष्ट दोन हजार वर्षं कोण सांगत बसेल?

खिंडीच्या आधी, कोकणच्या बाजूला तोंड करून, ते लेणं आहे. ज्याच्यासाठी आलो ते.

लेण्यात शिल्पं नाहीत, नक्षी नाही. चौकोनी दालन, कडेनं दगडी बाक आणि डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या लांबच लांब ओळी. मधेमधे दगड झिजलाय, ओळी तुटल्यात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख. सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून तो ओळखला जातो. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची दखल घेतली आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यातले आकडे उलगडले. ह्यांनी पिशवीतून वा. वि. मिराशींच्या ग्रंथातल्या पानांची झेरॉक्स काढली. मला ब्राह्मी येत नाही, ह्यांनाही येत नाही. हे एकेक ओळ बोटानं हवेत धरत आणि झेरॉक्सवरून वाचत. त्यातली अर्धीअधिक बोटं चुकीच्या ओळीवर असणार.

सुरुवातीला देवांना नमन. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य, चार लोकपाल. मग राणीचं वर्णन: महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी. विद्वान तिला विधवा मानतात ते यावरून. घरात राहून तप करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचं कुणी दगडावर कोरलं नाही एवढाच फरक. मी तसं म्हणणार होते, पण तेवढ्यात यज्ञ सुरू झाले. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध. आणि प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा. इथे मी झेरॉक्स ह्यांच्या हातातून काढून घेतली.

कारण हे माझं खातं होतं. हा लेख म्हणजे राणीची प्रशस्ती वगैरे असेल, पण त्याचा सांगाडा खर्चाच्या विवरणपत्राचा आहे. बाब, तपशील, रक्कम. पहिल्याच यज्ञाला बारा गाई आणि एक घोडा. तिथे आधी शब्दात ‘बारस’ लिहिलंय आणि मग आकड्यात बारा! अक्षरी आणि अंकी. खाडाखोड होऊ नये, मागाहून कुणी शून्य वाढवू नये म्हणून आम्ही प्रत्येक देयकावर ज्याचा आग्रह धरला, तेच. शून्य वाढवायची भीती मात्र त्यांना नव्हती, कारण या आकड्यांत शून्यच नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. बारा म्हणजे दहाची खूण आणि शेजारी दोनाची. सतराशेसाठी हजाराची खूण, मग शंभराच्या खुणेला जोडलेला सात. आणि तो ‘बारस’ शब्द! तिथीची बारस, बाळाचं बारसं. प्राकृतातला तो शब्द दोन हजार वर्षं भिंतीवर बसून होता आणि आम्ही घराघरांत तो वापरत होतो.

पुढे आकडे फुगत जातात. गाई १,७००, हत्ती १०. नंतर गाई ११,०००, घोडे १,०००. मग २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळचं नाणं. मी मनातल्या मनात ताळा करू पाहत होते, तर निम्मे तपशील दगडाबरोबर गेलेले. लेखापरीक्षणात यावर ढीगभर आक्षेप निघाले असते. आणि मग एक रक्कम आली, यज्ञाला जमलेल्यांना आणि राबणाऱ्या नोकरचाकरांना दिलेली. ६,००१ कार्षापण.

“अहो,” मी म्हणाले, “वरचा एक!”

ह्यांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. सहा हजार नाही, सहा हजार एक. आपण आहेर करतो, पाकिटात पाचशे घातले तर वर एक रुपया ठेवतो ना? एकशे एक, पाचशे एक, अकराशे एक. नुसती गोल रक्कम देऊ नये, तिथे देणं थांबतं असं माझी आजी म्हणायची. वरचा एक म्हणजे पुढच्याची सुरुवात. नागनिकेच्या मनात असंच काही होतं की हिशेबात खरोखरच तेवढी रक्कम बसली, कोण सांगणार? हे म्हणाले, “कारकुनाची चूक असेल.” कारकुनाचा अपमान झाला म्हणून मी दोन मिनिटं बोलले नाही.

मागच्या भिंतीवर काही नावं कोरली आहेत. एकेकाळी त्यांच्याखाली पुतळे होते, सातवाहन घराण्यातल्या माणसांचे. सिमुक सातवाहन, मग राणी आणि तिचा राजा सातकर्णी, कुमार, महारठी. पुतळे आता नाहीत. बाकावर कुठे पावलांच्या खुणा उरल्या आहेत तेवढ्याच. मूर्तीचं जिथे दगडाशी घट्ट नातं असतं, ते पायच मागे राहतात हे शिल्पशास्त्राच्या दृष्टीनं साधं कारण. पण साडेचार तास चालून आलेल्या दोन माणसांना ती पावलं पाहून काय वाटलं, ते मी सांगत बसत नाही. हे खाली वाकले आणि बराच वेळ वाकून राहिले. या खेपेला गुडघा नव्हता.

एक गोष्ट मला झेरॉक्सवर आधी दिसली नव्हती, भिंतीपाशी दिसली. बाकी प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं त्याचं नाव आहे. राणी आणि राजाचं मात्र मिळून एकच. आणि त्यात आधी ती, मग तो. देवी नागनिका, आणि राजा श्री सातकर्णी.

“इथे ती पुढे आहे,” मी म्हणाले.

ह्यांनी नावाकडे पाहिलं. “खर्च तिनं केला असेल.”

“मग?”

“मग काय? मस्टरवर तिचीच सही आधी.”

घाटघर वरच्या पठारावर आहे. संध्याकाळी पोचलो तेव्हा जीवधन किल्ल्याची भिंत तांबूस झाली होती आणि त्याच्या शेजारचा सुळका एकटा काळा दिसत होता. त्याला वानरलिंगी म्हणतात, खडा पारशीही म्हणतात. गडापासून रुसल्यासारखा थोडं अंतर राखून उभा, पण गडाचाच. भात कापून झालं होतं, खाचरात नुसते धस उरले होते. घाटाच्या तोंडाशी चहा दिला त्या मुलानंच आपल्या घरी झोपायची सोय केली. दारात हिरड्याचं झाड, ओटीवर नवीन भाताची पोती. घरातली म्हातारी महादेव कोळ्यांची. तिनं मला एकच प्रश्न विचारला, “चालत कशापायी आलात? यष्टी येती की.” मी तिला लेणं, राणी, गाई-घोड्यांचं सांगितलं. तिनं ते ऐकलं. मग बाळहिरड्याचं सांगू लागली. कोवळा असताना झाडून काढायचा, वाळवायचा, दर कधी चढतो, कधी कोसळतो, आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर पोतं कसं हलकं भरतं. राणीपेक्षा हा विषय जिवंत होता. मला व्यापाऱ्याच्या काट्याचा राग आला आणि मी तिला दोन हिशेब करून दाखवले. तांदळाची भाकरी, खुरासणीची चटणी आणि नव्या भाताचा वास असं ते जेवण होतं. रात्री ओटीवर आडवं झाल्यावर ह्यांनी गुडघ्याला तेल चोळलं, भिंतीकडे तोंड करून, मला दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पूरच्या दिशेनं निघालो. तिथे कुकडी उगम पावते आणि उगमापाशी कुकडेश्वराचं दगडी देऊळ आहे, बाहेरून नखशिखान्त कोरलेलं. हा रस्ता डांबरी. म्हणजे दोघांना शेजारी शेजारी चालता येतं. आणि गंमत अशी की शेजारी आलो की आम्हाला बोलायला काही सुचत नाही.

हा शोध मला पूर्वी इंग्लंडमध्ये लागला होता. मुलीकडे न्यूकॅसलला गेलो होतो, तेव्हा हेड्रियनच्या भिंतीच्या कडेनं दोन दिवस चाललो. इसवी सन १२२ मध्ये रोमनांनी बांधायला घेतलेली ही भिंत, एका समुद्राकडून दुसऱ्याकडे सुमारे ११७ किलोमीटर. तिच्या बाजूनं आता पायी चालणाऱ्यांची वाट आखली आहे, खांबावर ओकच्या फळाची खूण. हिरवळ इतकी ऐसपैस की चौघं हातात हात घालून जावेत. सत्तरी ओलांडलेली जोडपी दोन-दोन काठ्या टेकत शेजारी शेजारी चालत होती, आणि मुकाट. आम्हीही तसेच चाललो, भिंतीचा एक दगड ह्यांनी बघितला, एक मी. संध्याकाळी मुलीनं विचारलं, “भांडलात का?” तिला कसं सांगावं, आमची बोलायची जागा एकमेकांच्या पाठीमागे आहे.

त्या भिंतीजवळ विंडोलांडा नावाची रोमन छावणी आहे. तिथल्या चिखलात लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं सापडली. कुणाला मोजे पाठवल्याचा मजकूर, कुणाचा शिध्याचा हिशेब. इसवी सन १०० च्या आसपासचं एक पत्र एका अधिकाऱ्याच्या बायकोचं. तिचं नाव क्लॉडिया सेव्हेरा. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला, सल्पिशिया लेपिडिनाला, तिनं आपल्या वाढदिवसाला बोलावलं आहे, ११ सप्टेंबरला. मजकूर कारकुनानं लिहिला आणि शेवटच्या चार ओळी बाईनं स्वतःच्या हातानं. बाईच्या हातचं लॅटिन इतकं जुनं फारच थोडं उरलं आहे. तिथे उभी असताना मला नाणेघाट आठवला नव्हता, कारण तेव्हा तो पाहिलाच नव्हता. पूरच्या डांबरी रस्त्यावर मात्र सेव्हेरा आठवली. तीही नवऱ्याच्या मागेमागे साम्राज्याच्या त्या टोकाला आलेली. नवरा सरहद्द सांभाळत होता. ती आपल्या वाढदिवसाला मैत्रीण येते का याची वाट पाहत होती.

“काय विचार करतेस?” ह्यांनी विचारलं. शेजारी होते म्हणून त्यांना माझा चेहरा दिसत होता. ही शेजारी चालण्यातली दुसरी अडचण.

कुकडेश्वराच्या देवळात ह्यांनी कोरीवकाम पाच मिनिटांत आटोपलं आणि पाणी कुठून येतं ते पाहायला गेले. पुढे चावंडच्या पायथ्याशी मुक्काम. गड मी खालूनच पाहिला. १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून याच्या पायऱ्या उडवल्या, जीवधनच्या आणि हडसरच्याही. लढाई संपल्यावर जिन्यावर राग काढण्याची ही पद्धत मला कायम विनोदी वाटत आली आहे. वर सात टाकी आहेत असं कळल्यावर ह्यांचा जीव खालीवर झाला. पण गुडघ्यानं मत दिलं आणि माणिकडोह धरणाच्या कडेकडेनं आम्ही एसटीनं जुन्नर गाठलं. खिडकीतून पाणी दिसत होतं तोवर हे मला सांडवा आणि क्युसेक समजावत होते. मी ऐकत होते असं नाही, पण ते बरं वाटत होतं.

जुन्नरबद्दल सांगायचं तर दुसरा लेख होईल. शिवनेरीचं मी सांगावं असं काही उरलेलं नाही. मला तिथे सारखा आठवत होता अफनासी निकितीन. हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. पंधराव्या शतकात, बहमनी अमलात, विकायला एक घोडा घेऊन समुद्र ओलांडून चौलला उतरला आणि चालत जुन्नरला आला. पावसाळाभर इथे अडकला. त्याचा घोडा इथल्या खानानं काढून घेतला, धर्म बदललास तरच देतो म्हणाला. शेवटी खुरासानच्या एका माणसाच्या रदबदलीनं तो परत मिळाला. निकितीननं लिहून ठेवलंय की जुन्नर कातळावर आहे आणि वर जायची वाट इतकी चिंचोळी की एकेकानंच जावं लागतं, दोघांना मिळून जाता येत नाही. तो हे व्यापाऱ्याच्या आणि युद्धाच्या नजरेनं लिहितो आहे. पण त्याच्याबरोबर दुसरं कुणी नव्हतंच. घरी पोचण्याआधी वाटेतच तो वारला. जुनी प्रवासवर्णनं वाचताना मला नेहमी हे खटकतं. लिहिणारा एकटा असतो, किंवा बरोबर कुणी असलं तर ते वर्णनात नसतं. पाण्याचा तांब्या कुणी भरला, ताप आला तेव्हा कपाळावर पट्टी कुणी ठेवली, ते माणूस ओळींच्या मधे कुठेतरी राहून जातं. माझ्या आजी-आजोबांनी काशीयात्रा केली. आजोबांच्या टिपणवहीत घाट आहेत, पंडे आहेत, दक्षिणा आहे. आजी एकदाच येते, ‘सौ.ची चप्पल हरवली’.

लेण्याद्रीच्या पायथ्याशी हे म्हणाले, “तू जा. मी बसतो.” सगळ्या प्रवासात पहिल्यांदा तोंडानं म्हणाले. डोलीवाले लगेच जवळ आले. त्यांना पाहून ह्यांचा चेहरा असा झाला की मी घाईनं पायऱ्या चढायला लागले. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गणपतीचं देऊळ आहे ते मुळात बौद्ध विहाराचं दालन. एवढं मोठं आणि मधे एकही खांब नाही. हे असते तर छताकडे पाहून काहीतरी म्हणाले असते. मी मुद्दाम वर पाहिलं, म्हणजे खाली गेल्यावर सांगता येईल. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांमध्ये दानाच्या रकमा कारागिरांच्या श्रेणींकडे व्याजानं ठेवल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे, कासार. त्या व्याजातून लेण्यांचा खर्च. मुदत ठेव! हे मात्र मला ह्यांना सांगायचं नव्हतं, स्वतःसाठी ठेवायचं होतं. पण उतरताना मागे वळून म्हणाले, “अहो, ऐकलंत का...” मागे एक अनोळखी गृहस्थ होते. ते “काय?” म्हणाले.

परतीच्या एसटीत मी वही काढली. तिकिटं, चहा, लेण्याद्रीचं प्रवेशशुल्क, खजूर. घाटघरच्या पानावर अडले.

घाटघरहून निघायच्या सकाळी मी ठरवलं होतं, म्हातारीला हजार एक द्यायचे. आदल्या दिवसापासून डोक्यात ते ६,००१ घोळत होतं. पाचशेच्या दोन नोटा होत्या. वरचा रुपया मात्र दोघांकडे मिळून नव्हता. पर्स झाडली, ह्यांचे सगळे खिसे झाले, पाठपिशवीचे कप्पे झाले. हल्ली नाणं जवळ असतं कुणाच्या? हे मोबाइल काढून म्हणाले, हजार एक पाठवतो, तर रेंज नाही. म्हातारी उंबऱ्यात उभी राहून हा तमाशा पाहत होती. तिला आधी वाटलं आमचं काही हरवलं. मग मी सांगितलं, वर एक ठेवायचाय. ती आत गेली, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन तिनं माझ्या तळहातावर रुपया ठेवला.

“ह्यो घ्या. आन् आता द्या.”

मी दोन नोटांवर तो रुपया ठेवला आणि तिला दिला. तिनं कपाळाला लावून घेतला. हे दाराबाहेर बूट बांधत होते, पाठ माझ्याकडे. ती पाठ हसत होती.

आता हे लिहायचं कसं? दिले हजार एक. पण त्यातला एक तिचाच. म्हणजे खर्च हजार, आणि एक रुपया उसना. बस नारायणगावच्या पुढे आली तरी मी पेन हातात धरून होते. हे खिडकीला टेकून झोपले होते, उजवा पाय लांब सोडून. शेवटी मी नावे बाजूला हजार एक लिहिले, आणि खाली दुसरी ओळ ओढली:

देणे — घाटघर, रु. १.